यीस्ट साखरेची दारू करतं ते नक्की कशासाठी?

रिकामटेकडा

लेकीच्या विज्ञान प्रकल्पापायी गेले चार दिवस घरात तीन बाटल्या मांडून बसलोय. प्रत्येकीत २०० मिली कोमट पाणी, अर्धा चमचा सुकं यीस्ट आणि २० ग्रॅम साखर. फरक फक्त साखरेत. पहिलीत ग्लुकोज, दुसरीत आपली नेहमीची साखर, तिसरीत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. तिन्हींच्या तोंडाला फुगे बांधले. पहिल्या दोघांनी दोन-तीन तासांत चांगलं बाळसं धरलं. तिसरा मान टाकून पडला होता, तो अजून तसाच पडलाय.

पुस्तकात एका ओळीचं समीकरण आहे : ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन. पाठ करायला ठीक. पण लेकीने विचारलं, "बाबा, यीस्टला दारू आवडते का?" आणि माझी दांडी उडाली. खरंच, यीस्टला त्यात काय मिळतं? दारू पिऊन यीस्टच मरतं असंही वाचलंय. मग हा उद्योग कशासाठी?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. बाटल्यांतलं काहीही कोणी पिणार नाहीये, तेव्हा त्यावरचे सल्ले नकोत.

शंकासुर

ऊर्जेसाठी हो, अजून कशासाठी! ऑक्सिजन असला की यीस्ट श्वसन करतं, ३८ एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) मिळतात. ऑक्सिजन नसला की दारू करतं, २ एटीपी मिळतात. नाइलाजाचा मामला. धागा संपला.

चिमटा

नाइलाजाने दारू करणारा जीव पहिल्यांदाच पाहिला. नाइलाजाने पिणारे पुष्कळ पाहिलेत.

सूक्ष्मदर्शी

शंकासुर, एवढ्यात धागा मिटवू नका. ३८ हा जुन्या पाठ्यपुस्तकांतला आकडा. आता ३० ते ३२ धरतात, आणि नेहमीच्या यीस्टला तेवढेही मिळत नाहीत, कारण त्याच्या श्वसनसाखळीतला पहिला मोठा पंप (कॉम्प्लेक्स १) मुळात नसतोच. पण ते जाऊ दे. खरी गोम वेगळीच आहे. ते २ एटीपी दारू केल्यामुळे मिळत नाहीत. ते दारू व्हायच्या आधीच मिळून गेलेले असतात.

रिकामटेकडा, तुमच्या लेकीला असं सांगून बघा. ग्लुकोजमध्ये सहा कार्बन. पेशी दहा पायऱ्यांत त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे करते, त्याला पायरुवेट म्हणतात. कमाई काय ती या दहा पायऱ्यांत. पण हे करताना वाटेत साखरेतून हायड्रोजन निघतो, आणि तो उचलायला एनएडी नावाचे हमाल असतात. हमाल मोजकेच. साखरेचे रेणू मात्र लाखोंनी येतायत. सगळ्या हमालांच्या डोक्यावर ओझी चढली आणि उतरवायला जागा नसली, तर समोर साखरेचा डोंगर असूनही कारखाना ठप्प.

श्वसन चालू असेल तर ती ओझी शेवटी ऑक्सिजनच्या अंगावर पडतात आणि पाणी होतं. ते नसेल तर यीस्ट काय करतं? पायरुवेटमधला एक कार्बन कार्बन डायऑक्साइड म्हणून सोडून देतं (हा तुमचा फुगा). उरतं ॲसिटाल्डिहाइड. हमाल आपलं ओझं त्याच्यावर टाकतो, त्याचं इथेनॉल होतं, आणि हमाल मोकळा होऊन पुन्हा रांगेत. या शेवटच्या दोन पायऱ्यांत यीस्टला एकही एटीपी मिळत नाही. तिथे फक्त हमाल मोकळे होतात.

तेव्हा लेकीच्या प्रश्नाचं उत्तर : आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. दारू म्हणजे हमालाने उतरवून ठेवलेली गोणी. धावताना आपल्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल होतं, तेही याचसाठी. जागा वेगळी, गोणी वेगळी.

चिमटा

आणि ती दुसऱ्याने टाकलेली गोणी आपण वाजतगाजत घरी आणतो.

रिकामटेकडा

सूक्ष्मदर्शी ताई, हमाल एकदम पटले. पण ओझं टाकायला दुसरी जागा दिली तर? म्हणजे दारू होणार नाही का?

सूक्ष्मदर्शी

वा, बरोबर जागी बोट ठेवलंत. हे करून झालंय. फसफसत्या द्रावणात सल्फाइट घातलं की ते ॲसिटाल्डिहाइडला धरून ठेवतं. हमालाची नेहमीची जागा गेली. मग यीस्ट ओझं आधीच्या एका पायरीवरच्या तीन कार्बनी रेणूवर टाकतं आणि दारूऐवजी भरपूर ग्लिसरॉल होतं. कार्ल न्यूबर्ग यांनी यावर काम केलं. पहिल्या महायुद्धात जर्मनीला स्फोटकांसाठी ग्लिसरॉल हवं होतं आणि चरबीची टंचाई होती, तेव्हा तिथे याच युक्तीने साखरेपासून ग्लिसरॉल काढलं गेलं. दारू हे यीस्टचं ध्येय असतं तर त्याने इतक्या सहज ती सोडली नसती.

शंकासुर

ठीक आहे, हमाल मान्य. पण माझा मुद्दा कुठे खोडला? ऑक्सिजन असला की ओझी तिकडे जातात, म्हणजे दारू बंद. रिकामटेकडा यांनी बाटलीत मासे पाळतात तो हवेचा पंप सोडावा. दारू होणार नाही. पाश्चरनेच सांगून ठेवलंय, किण्वन (म्हणजे हे आंबणं) म्हणजे हवेविना जीवन.

ठोकताळा

नोकरीतली पंचवीस वर्षं फर्मेंटरवर, म्हणजे आंबवण्याच्या टाक्यांवर गेली, म्हणून बोलतो. सोडा पंप. दारू होईलच.

साखर भरपूर असेल तर हवा मारा नाहीतर आणखी काही करा, हे यीस्ट दारू करतंच. ज्यांना दारू नको असते, पावाचं यीस्टच वाढवायचं असतं, त्या कारखान्यांची हीच डोकेदुखी. टाकीत हवा तर धो धो सोडतातच, शिवाय साखर एकदम न घालता थोडी थोडी सोडत राहतात. साखरेचा हात जरा सैल सुटला की टाकीवर उभं राहिल्या राहिल्या दारूचा वास येतो. म्हणजे यीस्ट कमी आणि अल्कोहोल जास्त, मालक नाराज.

सूक्ष्मदर्शी

ठोकताळा म्हणतात तेच बरोबर. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. क्रॅबट्री यांनी १९२९ मध्ये हे कर्करोगाच्या गाठींच्या पेशींत पाहिलं होतं, नाव पुढे यीस्टलाही चिकटलं. पाश्चर चुकले असं नाही. हवेत यीस्ट तेवढ्याच साखरेत कितीतरी जास्त वाढतं हे त्यांचं निरीक्षण पक्कं आहे. पण "ऑक्सिजन आहे म्हणून दारू नाही" हे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या यीस्टला, लागू पडत नाही. साखर भरपूर दिसली की ते श्वसनाची यंत्रणा स्वतःच आवरून ठेवतं.

शंकासुर

मग तर तुमचे हमालही लंगडे पडले. ऑक्सिजनची प्रशस्त जागा रिकामी असताना गोण्या रस्त्यात कशाला टाकायच्या? आणि त्याही इतक्या महागाच्या?

सूक्ष्मदर्शी

महागाच्या म्हणालात ते अगदी खरं. हिशेब मांडते. एक मोल ग्लुकोज (१८० ग्रॅम) पूर्ण जाळलं तर सुमारे २८०० किलोज्यूल उष्णता मिळते. त्यापासून होणारं दोन मोल इथेनॉल (९२ ग्रॅम) जाळलं तर सुमारे २७३०. म्हणजे साखरेतली जवळजवळ ९७ टक्के ऊर्जा दारूत जशीच्या तशी शिल्लक! म्हणून तर ती गाडीत जळते. यीस्टने साखरेचा नुसता वरवर घास घेतलाय.

मग असं उधळेपण का? एक, हा रस्ता वेगवान आहे. साखरेमागे एटीपी कमी, पण मिनिटामागे जास्त, कारण साखर झपाट्याने ओढता येते. भोवती इतर जंतू टपलेले असताना ज्याची पंगत आधी उठेल तो जिंकला. दोन, टाकलेली गोणी वाया जात नाही. साखर संपली की हेच यीस्ट, ऑक्सिजन असेल तर, वळून ती दारू खायला लागतं. त्यासाठी त्याच्याकडे वेगळं विकर (एन्झाइम) असतं. दारू करण्याच्या कामाला मुख्यतः एडीएच-१, आणि खाण्याच्या कामाला एडीएच-२, जे ग्लुकोज असेपर्यंत दाबून ठेवलेलं असतं.

शंकासुर

आणि तीन, विष! इतर जंतू दारूने मरतात, हे मरत नाही, मग उरलेलं सगळं याचंच. हे तर सरळसरळ शस्त्र आहे. तुम्ही त्याला गोणी म्हणताय.

सूक्ष्मदर्शी

शस्त्र म्हणून उपयोग होतो हे नाकारत नाही. पण उपयोग होतो म्हणून ते त्यासाठीच घडलं, हे म्हणायला मी कचरते. शस्त्र चालायला दारू बरीच साठावी लागते, वेगाचा फायदा मात्र पहिल्या मिनिटापासून. २००५ मध्ये स्टीव्हन बेनर आणि सहकाऱ्यांनी आजच्या विकरांवरून त्यांच्या पूर्वज विकराची रचना ताडली आणि ते प्रयोगशाळेत पुन्हा तयार केलं. तो पूर्वज गुणाने दारू करणाऱ्या एडीएच-१ सारखा निघाला. खाणारं भावंड मागून आलं. म्हणजे करणं आधी, करून ठेवून मग खाणं नंतर.

शंकासुर

विचार करतो. पटलं असं समजू नका.

जुनी पानं

शंकासुरांचं मन वळेपर्यंत थोडं अवांतर. यीस्ट हा जीव आहे, हेच मुळात लोकांना पटत नव्हतं. लेव्हेनहूकने १६८० मध्ये भिंगाखाली त्याचे गोळे पाहिले होते, पण ते जिवंत असतील असं कोणी म्हटलं नाही. १८३७ च्या सुमारास कान्यार द ला तूर, श्वान आणि क्युट्झिंग या तिघांनी वेगवेगळं काम करून सांगितलं की हा सजीव आहे आणि आंबण्याचं काम तोच करतो. त्यावर व्होलर आणि लीबिग या रसायनशास्त्रातल्या बड्या आसामींनी १८३९ मध्ये आपल्याच नियतकालिकात निनावी टिंगल छापली : यीस्ट म्हणजे म्हणे ऊर्ध्वपातनाच्या भांड्याच्या आकाराचा प्राणी, तोंडाने साखर गिळतो, मागून दारू सोडतो आणि मूत्रमार्गाने कार्बनिक आम्लवायू (म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड)!

गंमत अशी की, थट्टा म्हणून लिहिलेलं ते बरंचसं खरं निघालं. लीबिगचं स्वतःचं मत होतं की नायट्रोजनयुक्त पदार्थ सडताना त्याचे हादरे साखरेला बसतात आणि ती मोडते. पाश्चरने साखर, अमोनियाचा क्षार आणि यीस्टची राख एवढ्यावर यीस्ट वाढवून दाखवलं. सडायला प्रथिन ठेवलंच नाही, तरी दारू झाली.

पण शेवटची बाजी पुन्हा रसायनवाल्यांची. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनरने यीस्ट वाळूबरोबर घोटलं, दाबयंत्रात पिळून रस काढला आणि तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली. मुरंब्याला घालतात तशी. तर रस फसफसायला लागला! एकही जिवंत पेशी नाही, आणि किण्वन चालू. १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यावर मिळालं. 'एन्झाइम' हा शब्दही मूळ ग्रीकमध्ये 'यीस्टच्या आतलं' अशा अर्थाचा. आपल्या 'किण्वन'मध्येही 'किण्व' म्हणजे यीस्टच आहे.

ताईंच्या हमालांचा पत्ता लागला तो पुढे. हार्डन आणि यंग यांनी १९०६ मध्ये तो रस गाळला. गाळणीवर उरलेलं एकटं चालेना, खाली गळलेलंही एकटं चालेना, एकत्र केलं की चालू. आणि गळलेला भाग उकळला तरी त्याची ताकद जाईना. त्या न जाणाऱ्या भागातच एनएडी होतं.

रिकामटेकडा

भांड्याच्या आकाराचा प्राणी लेकीने चितारून प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर लावलाय. कार्बनिक आम्लवायूचा भाग कापडाने झाकला आहे.

आता माझ्या अडचणी. (१) लॅक्टोजची बाटली मेलेली का? (२) ग्लुकोजच्या बाटलीचे बुडबुडे चौथ्या दिवशी थांबत आले, पण ग्लुकोज तपासायची पट्टी बुडवली तर साखर अजून दाखवते. साखर आहे, यीस्ट आहे, मग काम का थांबलं? (३) हे सगळ्यांत विचित्र. साखरेच्या बाटलीचं वजन मी फुग्यासकट करत होतो, काटा दशांश ग्रॅम दाखवणारा. फुगा घट्ट बांधलेला, म्हणजे आतलं आत. तरी पहिल्याच रात्री वजन २.५ ग्रॅमने कमी! वायू बाहेर गेला नाही तर वजन गेलं कुठे?

चिमटा

काट्यालाही चढली असेल.

ठोकताळा

दुसऱ्याचं मी सांगतो. तुम्ही कामगारांना नुसती साखर घातलीत. साखर म्हणजे इंधन, पण नवी पेशी बांधायला नायट्रोजन लागतो, फॉस्फरस लागतो, थोडी जीवनसत्त्वं लागतात. शुद्ध साखरपाण्यात यातलं काहीच नाही. पाकिटातल्या यीस्टच्या अंगात होतं तेवढ्यावर त्याने रेटलं आणि थकलं. आम्ही टाकीत युरिया किंवा अमोनियाचं फॉस्फेट घालतो ते उगीच नाही.

दुसरं, सुरुवातीला थोडी हवा लागतेच. दारूसाठी नव्हे, पेशीच्या आवरणासाठी. त्यातलं एर्गोस्टेरॉल बनवायला यीस्टला ऑक्सिजन लागतो. ते आवरण कच्चं राहिलं की दारू चढायला लागल्यावर पेशी आधी लटपटतात. दारू यीस्टला मारते ती मुख्यतः तिथेच, आवरण पातळ-गळकं करून. मजबूत जातीसुद्धा १४ ते १६ टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाहीत. तुमच्या बाटलीत २० ग्रॅम साखर, तिथे दारूने मरायचा प्रश्नच येत नाही. उपासमार आहे ती.

आणि हो, घरच्यांना एक सांगून ठेवा. फुग्याच्या जागी घट्ट झाकण कधी लावू नका. १ किलो साखरेतून पावणेतीनशे लिटरच्या आसपास वायू निघतो. मोठ्या टाकीत हा वायू हवेपेक्षा जड म्हणून तळाशी बसतो, रंग नाही की काही नाही. रिकामी दिसते म्हणून तपासणी न करता टाकीत उतरलेला माणूस खाली बसतो तो उठत नाही. आमच्याकडे एकदा एक जण दोराने ओढून काढल्यामुळे वाचला. त्या दिवसापासून मला बुडबुडे बघून कौतुक वाटत नाही.

सूक्ष्मदर्शी

पहिल्याचं उत्तर सोपं. लॅक्टोज आत घ्यायला दार नाही आणि तोडायला कात्री नाही. नेहमीची साखरही जोडसाखरच, पण तिची कात्री (इन्व्हर्टेज) यीस्ट पेशीच्या बाहेरच्या भिंतीपाशी ठेवतं. साखर दारातच तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. म्हणून तुमच्या पहिल्या दोन फुग्यांत फरक दिसला नाही. पिष्टाचीही तीच गत. आधी कोणीतरी मोडून दिलं तरच यीस्ट खातं.

प्रयोग वाढवायचा असेल तर लॅक्टेजची (लॅक्टोज तोडणाऱ्या कात्रीची) गोळी कुटून तिसऱ्या बाटलीत घाला, आणि ताजं यीस्ट.

अनुस्वार

मध्येच विचारते. यात मिथेनॉल तयार होतं का? बातम्यांत वाचून धास्ती वाटते.

सूक्ष्मदर्शी

साखरेपासून यीस्ट मिथेनॉल करत नाही. ते येतं फळांच्या गरातल्या पेक्टिनमधून, विकरांनी त्याचा मिथिल गट सुटला की. साखरपाण्यात पेक्टिनच नाही. बातम्यांतले मृत्यू बहुतेक वेळा वरून मिसळलेल्या औद्योगिक मिथेनॉलचे असतात.

शंकासुर

तिसऱ्या कोड्याकडे कोणी बघतच नाही, म्हणून मी बघतो. रिकामटेकडा, त्या रात्री फुगा केवढा होता?

रिकामटेकडा

लेकीने वहीत लिहिलंय : परीघ ४९ सेंमी.

शंकासुर

सापडलं! परीघ ४९ म्हणजे व्यास १५.६ सेंमी, घनफळ जवळजवळ २ लिटर. फुगा फुगला म्हणजे त्याने २ लिटर हवा बाजूला सारली. हवेचं वजन लिटरला साधारण १.२ ग्रॅम. म्हणजे हवेने तुमची बाटली २.४ ग्रॅमने वर उचलून धरली. पाण्यात बादली हलकी लागते तेच. आतलं सगळं आतच आहे, काटा फसलाय. उरलेला ०.१ ग्रॅम रबरातून झिरपलेला वायू म्हणा, नाहीतर काट्याची लहर.

जुनी पानं

शाबास! लाव्हाझिएने १७८९ च्या ग्रंथात हाच हिशेब मांडला होता. साखर, पाणी, यीस्ट सगळं तोलून आत, दारू आणि वायू तोलून बाहेर, दोन्ही बाजू समान.

ठोकताळा

शंकासुर, आज टोपी काढली. रिकामटेकडा, आता फुगा काढा आणि नवी बाटली लावून तोंडाला सैल कापूस बसवा. वायू जाऊ दे. ४४ ग्रॅम वायू गेला की मागे ४६ ग्रॅम अल्कोहोल उरलं. तेव्हा जेवढं वजन घटेल त्याला ४४ ने भागा, ४६ ने गुणा. पाण्याची वाफही थोडी जाईल, ती वजा करायला शेजारी एक मेलेली बाटली ठेवा.

रिकामटेकडा

आठवडाभराने परत येतोय. हात जोडून अहवाल सादर.

साखरेची नवी बाटली, कापसाचा बोळा, चार दिवस. घट ७.६ ग्रॅम. शेजारी लॅक्टोजची मेलेली बाटली, तिची घट ०.४. म्हणजे वायू ७.२ ग्रॅम, अल्कोहोल साडेसात ग्रॅम. लेकीने समीकरणावरून काढलं की २० ग्रॅम साखर पूर्ण मोडली असती तर १०.३ ग्रॅम वायू गेला असता. म्हणजे सत्तर टक्के काम झालं आणि कामगार उपाशी बसले. हा शब्द तिने प्रकल्पात तसाच लिहिलाय.

आणि त्या मेलेल्या बाटलीत, वजन करून झाल्यावर, काल सकाळी कुटलेली लॅक्टेजची गोळी आणि नवं यीस्ट घालून पुन्हा फुगा बांधला. दुपारपर्यंत फुगा ताठ उभा! पण संध्याकाळी वाढायचा थांबला. तीन-चार तास ढिम्म. लेक हिरमुसून झोपली. सकाळी बघतो तर पुन्हा वाढलेला.

सूक्ष्मदर्शी

अहो, हे तर तुम्हाला फुकटात घबाड मिळालं! लॅक्टोज तुटलं की अर्धं ग्लुकोज, अर्धं गॅलॅक्टोज. यीस्टने आधी ग्लुकोज फस्त केलं. ते असेपर्यंत गॅलॅक्टोजची यंत्रणा दाबलेली असते, त्यामुळे ग्लुकोज संपल्यावर ती उभारायला वेळ लागतो. तुमचे ते ढिम्म तास म्हणजे बहुधा तेच. वेळा लिहून ठेवल्यात ना?

रिकामटेकडा

संध्याकाळी सात ते साडेदहा परीघ दर अर्ध्या तासाला आहे. त्यानंतर मी झोपलो.

शंकासुर

नेमकं तेव्हाच झोपलात? पुन्हा लावा बाटली. रात्रपाळीला मी फोन करून उठवतो.